हातात बसवलेली चिप दाराची किल्ली होऊ शकते का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गोव्यातील वेर्णा औद्योगिक वसाहतीत इंजेक्शने तयार करणाऱ्या एका कारखान्याचा सुरक्षा व संगणक विभाग सांभाळणाऱ्या गृहस्थांनी विचारले आहे, की निर्जंतुक विभागात जाताना कामगारांना गळ्यातले ओळखपत्र आत नेता येत नाही, हातमोज्यांमुळे बोटाचा ठसा घेता येत नाही आणि चेहरा मास्क व गॉगलमागे झाकलेला असतो. त्यामुळे अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या त्वचेखाली छोटी चिप बसवून तिच्या आधारे दारे उघडण्याची सूचना एका पुरवठादाराने व्यवस्थापनापुढे ठेवली आहे. ती सुरक्षित आहे का, आणि स्वीकारावी का?

प्रवेश-नियंत्रणाच्या यंत्रणा आखणे आणि बसवणे हे माझे वीस वर्षांहून अधिक काळाचे काम आहे. माझे उत्तर आधी देतो आणि कारणे नंतर सविस्तर मांडतो. ही सूचना स्वीकारू नये. चिप धोकादायक आहे, असे माझे म्हणणे नाही. ‘हा कोण आहे’ हे सांगणे आणि ‘आत जाण्याचा अधिकार खरोखर याचाच आहे’ हे सिद्ध करणे, ही दोन वेगळी कामे आहेत. शरीरात बसवण्याच्या बहुतेक चिप पहिले काम उत्तम करतात आणि दुसऱ्या कामात कच्च्या ठरतात. ज्या मोजक्या चिप दुसऱ्या कामात पक्क्या आहेत, त्यांचे काम सुई न टोचताही तितकेच चांगले होते.

आधी ही वस्तू काय असते ते पाहू. साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड अशा जैवसुसंगत काचेच्या बंद नळीत फेराइट या चुंबकीय पदार्थाच्या दांडीवर गुंडाळलेली तांब्याची बारीक कॉइल आणि तिला जोडलेले एक सूक्ष्म एकात्मिक परिपथ, एवढेच तिच्यात असते. बॅटरी नसते. दाराजवळ बसवलेल्या वाचक उपकरणाचे, म्हणजे रीडरचे, चुंबकीय क्षेत्र कॉइलला भेदते, तेव्हा निर्माण होणाऱ्या अल्पशा विजेवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक सांगते. हात दूर गेला की ती निपचित पडते. प्राण्यांमध्ये वापरल्या जाणाऱ्या चिप १३४.२ किलोहर्ट्झवर चालतात, तर माणसांच्या हातात अलीकडे बसवल्या जाणाऱ्या बहुतेक चिप १३.५६ मेगाहर्ट्झवर, म्हणजे मोबाइलमधील एनएफसी ही अगदी जवळून संपर्क साधण्याची पद्धत वापरते त्याच वारंवारितेवर चालतात. २०१६ च्या नोटाबंदीनंतर २००० रुपयांच्या नव्या नोटेत उपग्रहाला ठिकाण कळवणारी चिप असल्याची अफवा महाराष्ट्रात आणि गोव्यात घरोघरी पोचली होती. आपले कामगारही हीच शंका विचारतील, म्हणून स्पष्ट सांगतो : स्वतःची वीज नसलेली आणि काही मिलिमीटर ते काही सेंटिमीटर अंतरावरूनच वाचता येणारी वस्तू उपग्रहाला काहीही कळवू शकत नाही. मात्र प्रत्येक दारावरच्या रीडरची नोंद सर्व्हरमध्ये साठते, आणि कोण किती वाजता कुठे होता हे त्या नोंदीवरून कळते. हे कार्डालाही लागू आहे. फरक इतकाच, की पाळी संपल्यावर कार्ड खुंटीला टांगून घरी जाता येते.

ओळखीच्या कामात ही चिप किती उपयुक्त आहे, हे प्राण्यांच्या बाबतीत निर्विवाद सिद्ध झाले आहे. पुण्याहून वा पणजीहून कुत्रा युरोपात न्यायचा असेल, तर आयएसओ ११७८४ आणि ११७८५ या मानकांप्रमाणे पंधरा अंकी क्रमांकाची चिप आधी बसवावी लागते, रेबीजची लस त्यानंतरच धरली जाते, आणि लसीनंतर किमान ३० दिवसांनी घेतलेल्या रक्ताच्या तपासणीत पुरेशी प्रतिकारशक्ती दिसावी लागते. हा क्रम उलटला तर सगळे पुन्हा करावे लागते, कारण लस नेमक्या याच कुत्र्याला दिली याचा पुरावा तो क्रमांकच असतो. जुन्नर परिसरात पकडलेल्या बिबट्यांना सोडण्यापूर्वी चिप बसवल्या गेल्या, त्यामुळे पुढे सापडलेला बिबट्या आधी पकडलेलाच आहे की दुसरा, हे अनुमानावर न सोडता सांगता येऊ लागले. या दोन्ही ठिकाणी चिप वाचणारा माणूस प्राण्याला प्रत्यक्ष समोर पाहत असतो, आणि क्रमांक चोरून मिरवण्यात कुणाचा फारसा फायदा नसतो. आपल्या दारापाशी या दोन्ही गोष्टी नसतात. तिथे पाहणारे कुणी नसते, आणि आत शिरण्यात कुणाचा तरी फायदा असू शकतो. म्हणून तर दाराला कुलूप असते.

माणसांच्या बाबतीत हा प्रयोग नवा नाही. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठाचे प्राध्यापक केविन वॉर्विक यांनी ऑगस्ट १९९८ मध्ये स्वतःच्या हातात चिप बसवून घेतली आणि विभागातील दारे व दिवे तिच्या साहाय्याने चालवून दाखवले. काही दिवसांनी ती काढण्यात आली. पुढे ‘व्हेरीचिप’ नावाच्या चिपला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ऑक्टोबर २००४ मध्ये वैद्यकीय ओळखीसाठी परवानगी दिली. बेशुद्ध रुग्णाच्या दंडातला सोळा अंकी क्रमांक वाचावा आणि त्यावरून त्याची वैद्यकीय माहिती उघडावी, असा तिचा हेतू होता. त्याच वर्षी बार्सेलोनातील ‘बाहा बीच क्लब’ने खास ग्राहकांना हीच चिप देऊ केली, आणि २००६ मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटीच्या ‘सिटीवॉचर’ या कंपनीने आपल्या दोन कर्मचाऱ्यांच्या हातांत ती बसवून, चित्रफिती साठवण्याच्या सुरक्षित खोलीचे दार तिच्यावर सोपवले. आपल्या पुरवठादाराच्या सूचनेचा थेट पूर्वज म्हणावा तर हाच.

त्याच २००६ मध्ये जोनाथन वेस्टह्यूज या अभियंत्याने दाखवून दिले, की व्हेरीचिपचा क्रमांक कोणतीही पडताळणी न करता, विचारेल त्याला सांगितला जातो. तो एकदा टिपून घेतला की घरी जोडलेल्या साध्या उपकरणातून तोच क्रमांक रीडरला ऐकवता येतो आणि रीडरला फरक कळत नाही. यानंतर हार्वर्ड मेडिकल स्कूलशी संबंधित डॉ. जॉन हलामका आणि काही सुरक्षा-संशोधकांनी वेस्टह्यूज यांच्यासह मांडलेले मत मला या विषयातील सर्वांत मोलाचे वाटते. हलामका यांनी स्वतःच्या दंडात व्हेरीचिप बसवून घेतली होती, म्हणजे ते विरोधक नव्हते. त्यांचे म्हणणे असे, की ही चिप केवळ ओळख सांगण्यासाठी वापरावी, प्रवेशाचा अधिकार सिद्ध करण्यासाठी कधीही वापरू नये. इतकेच नव्हे, तर तिची नक्कल करता येणे हे ती बाळगणाऱ्याच्या हिताचेच आहे. कारण उघड आहे. चिपची नक्कल करता येत नसेल आणि मौल्यवान दार तिच्यावरच उघडत असेल, तर चोराला ती चिपच हवी होईल, आणि चिप माणसाच्या शरीरात आहे. हे भय काल्पनिक नाही. २००५ मध्ये मलेशियात मोटार चोरणाऱ्यांनी ठशावर चालणारी गाडी सुरू करण्यासाठी मालकाचे बोटच तोडून नेले होते. जी वस्तू हिसकावली जाऊ शकते ती शरीरापासून वेगळी असावी, म्हणजे प्रसंग ओढवला तर ती देऊन टाकून जीव वाचवता येतो. संरक्षणाची यंत्रणा आखताना आपण कारखान्याचा आणि मालाचा विचार करतो, पण किल्ली बाळगणाऱ्या माणसाचे संरक्षणही त्याच आराखड्यात धरले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

व्हेरीचिपची विक्री २०१० मध्ये थांबली. आजच्या चिप वेगळ्या आहेत, असे पुरवठादार सांगेल, आणि त्यात तथ्य आहे. पण कोणत्या चिप, हे विचारणे आवश्यक आहे. हातात बसवण्यासाठी सर्वाधिक खपणाऱ्या चिपपैकी एक एनटॅग २१६ या प्रकारची असते. तिच्यात ८८८ बाइटची वापरण्याजोगी स्मृती असते आणि ३२ बिटांचा पासवर्ड ठेवता येतो; मात्र तिचा सात बाइटचा मूळ क्रमांक कोणताही एनएफसी असलेला मोबाइल हाताला टेकवला की वाचता येतो. दाराची यंत्रणा या मूळ क्रमांकावरच चालणार असेल, तर २००६ ची तीच कहाणी वारंवारिता बदलून पुन्हा घडते, कारण हवा तो क्रमांक लिहिता येणारी कोरी कार्डे बाजारात सहज मिळतात. मायफेअर क्लासिक या चिपच्या जुन्या प्रकाराची गुप्तलेखन-पद्धत नेदरलँड्समधील नायमेखनच्या संशोधकांनी २००८ मध्येच भेदली आहे. खऱ्या अर्थाने भरवशाची म्हणावी अशी मायफेअर डेसफायरसारखी चिप असते. तिच्यात गुप्त किल्ली, म्हणजे कधीही बाहेर न सांगितला जाणारा सांकेतिक अंक, आत राहते, रीडर आणि चिप एकमेकांना दर वेळी नवे आव्हान देतात आणि एईएस या गुप्तलेखन-पद्धतीने उत्तर तपासतात, त्यामुळे ऐकलेले उत्तर दुसऱ्यांदा उपयोगी पडत नाही. अशी चिप काचेच्या नळीतही मिळते. तेव्हा पुरवठादाराला पहिला प्रश्न हा विचारा, की दार मूळ क्रमांकावर उघडते की किल्लीच्या पडताळणीवर. उत्तर देताना तो घुटमळला, तर पुढे बोलण्याची गरज नाही.

आता समजा चिप उत्तम आहे. तरी दाराची सुरक्षा चिपपाशी संपत नाही, आणि माझ्या कामात मला सर्वाधिक दुबळेपणा आढळतो तो रीडरच्या मागच्या बाजूला. रीडरचा तळाचा स्क्रू काढून तो भिंतीपासून सोडवला, की मागे वायरींचा जुडगा दिसतो. त्यातल्या हिरव्या आणि पांढऱ्या वायरीवरून, विगंड नावाच्या कित्येक दशके जुन्या पद्धतीने, क्रमांक उघडपणे नियंत्रकाकडे, म्हणजे दार उघडायचे की नाही हे ठरवणाऱ्या यंत्राकडे, जातो. या दोन वायरींना एक छोटे उपकरण जोडून रीडर पुन्हा बसवला, तर येणाऱ्या प्रत्येकाचा क्रमांक टिपता येतो आणि मध्यरात्री तोच पुन्हा पाठवता येतो. हातात चिप आहे की गळ्यात कार्ड, याने तिथे काडीचाही फरक पडत नाही. शिवाय विगंडच्या प्रचलित २६ बिटांच्या मांडणीत दोन बिट तपासणीचे, आठ बिट जागेच्या सांकेतिक क्रमांकाचे आणि सोळा बिट कार्डाच्या क्रमांकाचे असतात. म्हणजे सात बाइटच्या मूळ क्रमांकातले चोवीसच बिट नियंत्रकापर्यंत पोचतात, बाकीचे गळून पडतात, आणि दोन वेगळ्या चिप नियंत्रकाच्या लेखी एकच ठरण्याची शक्यता निर्माण होते. ज्या कारखान्यात विगंडची वायरिंग आहे, त्याने कामगारांच्या हाताला सुई लावण्याआधी भिंतीतली वायर बदलावी. त्यासाठी ओएसडीपी ही पद्धत आहे. तिच्यात रीडर आणि नियंत्रक यांच्यातील संभाषण सुरक्षित वाहिनीवरून, १२८ बिटांच्या एईएसने झाकून होते, आणि रीडर कुणी काढला तर नियंत्रकाला ते लगेच कळते. मात्र ही सुरक्षित वाहिनी बसवणाऱ्याने चालू करावी लागते. आपली चालू आहे की नाही, हे स्वतः पाहून घ्या.

वापरतानाचा अनुभवही पुरवठादाराच्या चित्रफितीइतका सहज नसतो. कार्डातील अँटेना सपाट आणि मोठी असते, म्हणून कार्ड कसेही धरले तरी चालते. नळीतली कॉइल इवलीशी आणि लांबट असते. हात रीडरच्या मधोमध सपाट ठेवला तर बऱ्याचदा काहीच होत नाही. रीडरच्या आतल्या अँटेनाची कड नेमकी कुठे आहे ते शोधून, अंगठ्याजवळचा भाग तिच्यावर योग्य कोनात आडवा धरावा लागतो, आणि रीडर बदलला की ती जागा बदलते. डेसफायरसारख्या चिपला गुप्तलेखनासाठी अधिक वीज लागते, त्यामुळे तिचे अंतर आणखी घटते. वरून निर्जंतुक विभागातले दोन थरांचे हातमोजे आले, की एकेक मिलिमीटर महत्त्वाचा ठरतो. एअरलॉकमध्ये, म्हणजे दोन दारांमधल्या बंद खोलीत, हात फिरवत उभा राहिलेला कामगार रीडरच्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा स्पर्श करणार, आणि निर्जंतुकतेच्या दृष्टीने नेमके तेच टाळायचे असते.

आपला माल अमेरिकेला जात असेल, तर आणखी एक बाब आहे. तिथल्या नियमसंहितेच्या २१ व्या शीर्षकातील भाग ११ प्रमाणे, जैविक ओळखीवर न आधारलेल्या इलेक्ट्रॉनिक स्वाक्षरीसाठी किमान दोन वेगळे ओळख-घटक लागतात, उदाहरणार्थ ओळख-क्रमांक आणि पासवर्ड. चिप शरीरात असली तरी ती जैविक ओळख नव्हे. ती बाहेरून आत ठेवलेली वस्तू आहे. त्यामुळे बॅच-नोंदीवर, म्हणजे उत्पादनाच्या प्रत्येक खेपेच्या नोंदीवर, सही करण्यासाठी चिपच्या जोडीला पासवर्ड लागणारच. चिपमुळे पासवर्ड जाईल, असे कुणी व्यवस्थापनाला सांगितले असेल तर ते चूक आहे.

शरीराविषयी थोडक्यात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने व्हेरीचिपच्या २००४ च्या परवानगीतच संभाव्य जोखमी नोंदवल्या होत्या : ऊतींची प्रतिक्रिया, चिप जागेवरून सरकणे, ती बंद पडणे, एमआरआयशी विसंगती आणि माहितीच्या सुरक्षेला बाधा. प्रयोगशाळेतील काही उंदरांमध्ये चिपभोवती गाठी आढळल्याचे अहवाल आहेत. त्यावरून माणसांबद्दल निष्कर्ष काढणे योग्य नाही, पण संमती घेताना ते लपवणेही योग्य नाही. व्यवहारात मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो बदलण्याचा प्रश्न. गुप्तलेखनाच्या पद्धती जुन्या होतात, रीडर बदलतात. युरोपात विकल्या जाणाऱ्या पैसे भरण्याच्या चिपला तर कार्डासारखीच ठरावीक मुदत असते. कार्ड बदलायला दोन मिनिटे लागतात. चिप बदलायची म्हणजे छेद, टाका आणि काही दिवस हाताला विश्रांती, आणि जखम भरेपर्यंत त्या कामगाराला निर्जंतुक विभागात पाठवता येणार नाही.

आता संमतीविषयी, आणि हा भाग मी तंत्राइतकाच गांभीर्याने मांडतो. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्याने २००६ मध्ये सक्तीने चिप बसवण्यास मनाई करणारा कायदा केला. नॉर्थ डकोटा आणि कॅलिफोर्निया यांनी २००७ मध्ये तसेच केले. त्याच विस्कॉन्सिनमधील रिव्हर फॉल्स येथील ‘थ्री स्क्वेअर मार्केट’ या कंपनीत ऑगस्ट २०१७ मध्ये अनेक कर्मचाऱ्यांनी चिप बसवून घेतल्या, पण स्वेच्छेने. ज्यांनी नकार दिला त्यांच्यासाठी नेहमीची व्यवस्था चालू राहिली. स्टॉकहोमच्या ‘एपिसेंटर’ या कार्यालय-संकुलातही २०१५ पासून जे झाले ते हौसेने झाले. आपल्या कारखान्याची स्थिती तशी नाही. निर्जंतुक विभागातील सफाई आणि मालाची ने-आण बहुधा कंत्राटी कामगार करतात. ज्याचे कंत्राट दर काही महिन्यांनी नव्याने होते, त्याच्यापुढे ठेकेदाराने कागद सरकवला, तर त्यावरील सहीला संमती म्हणणे मला पटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्णय दिला, आणि आपल्या शरीरावरची स्वायत्तता त्या अधिकाराच्या गाभ्याशी आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण आणि विनाअट असावी असे म्हटले आहे, आणि ती मागे घेणे हे देण्याइतकेच सोपे असावे, अशी अपेक्षाही आहे. रोजगाराच्या कारणांसाठी माहिती हाताळण्यास त्या कायद्यात वेगळी मुभा आहे, पण ती माहितीपुरती आहे. तिच्यातून कुणाच्या त्वचेला छेद देण्याचा अधिकार निर्माण होत नाही. आणि ज्या संमतीतून बाहेर पडायला शस्त्रक्रिया लागते, ती देण्याइतकी मागे घेणे सोपे आहे, असे कसे म्हणणार?

तरीही आपली अडचण खरी आहे, आणि तिला उत्तर आहे. डेसफायरच्या ईव्ही२ किंवा ईव्ही३ आवृत्तीची चिप असलेला सिलिकॉनचा मनगटी पट्टा प्रत्येक कामगाराला द्यावा. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून निर्जंतुक पोशाखाच्या आत घालता येतो. त्याची अँटेना नळीतल्या कॉइलपेक्षा बरीच मोठी असल्यामुळे बाहीच्या कापडातून आणि हातमोज्यावरूनही रीडरला न शिवता काही सेंटिमीटरवरून वाचला जातो. पहिल्या कपडे-बदल खोलीच्या दाराशी, हातमोजे घालण्यापूर्वी, पट्ट्यासोबत पिनही मागावा, म्हणजे सापडलेला वा उसना पट्टा एकट्याने उपयोगी पडणार नाही. आतल्या दारांना केवळ पट्टा पुरे, मात्र ज्याने बाहेर पिन दिला नाही त्याचा पट्टा आतल्या दाराशी नाकारला जाईल, असा क्रम नियंत्रकात बांधून घ्यावा. पाळी संपली की पट्टे कपडे-बदल खोलीतच जमा व्हावेत. हरवलेला पट्टा त्याच मिनिटाला बाद करण्याची लेखी कार्यपद्धती असावी. भाग ११ मध्येही हरवलेली साधने बाद करण्याच्या कार्यपद्धतीची अट आहेच. किल्ल्या पुरवठादाराच्या ताब्यात न ठेवता कारखान्याच्या स्वतःच्या ताब्यात असाव्यात, नाहीतर उद्या पुरवठादार बदलणे अवघड होऊन बसते.

आपल्या पत्रात शेवटी एक उपप्रश्न आहे, की दोघा तरुण अभियंत्यांनी स्वखुशीने, स्वखर्चाने हातात चिप बसवून घेतली आहे आणि ती यंत्रणेत नोंदवावी असे त्यांना वाटते, तर काय करावे. त्यांच्या चिप एनटॅग प्रकारच्या असतील, तर निर्जंतुक विभागाच्या दारांसाठी नोंदवू नयेत. कॅन्टीन किंवा हजेरीसाठी हरकत नाही, कारण तिथे नक्कल झाली तरी नुकसान मर्यादित आहे. डेसफायर असेल आणि कारखान्याच्या किल्ल्या तिच्यात स्वतंत्र विभागात लिहिता येत असतील, तर त्यांच्या लेखी विनंतीवरून नोंद करता येईल, पण पिनची अट त्यांनाही राहील, मनगटी पट्टाही त्यांना द्यावा, आणि नोकरी सोडताना तो विभाग पुसून घेण्याचे कलम त्या विनंतीपत्रातच असावे.